केंब्रिजमधला एक दिवस आणि नंबरांची यादी



लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवरून केंब्रिजला गाडीने तासाभरात पोहोचता येतं. गाव छोटं, पायी फिरून होतं. विद्यापीठ मात्र १२०९ पासूनचं! तिथे 'विद्यापीठ कुठे आहे?' असं विचारलंत, तर कुणी एक इमारत दाखवू शकत नाही, बरं का. गावभर पसरलेली तीसेक कॉलेजं मिळून ते विद्यापीठ होतं.

मी किंग्ज कॉलेजच्या चॅपलपासून सुरुवात केली. १४४६ मध्ये त्याचा पाया घातला आणि १५१५ मध्ये छत पुरं झालं. छत दगडाचंच, पण पंख्यासारखं उलगडलेलं. मान दुखेपर्यंत पाहत राहिले.

शेजारीच सेनेट हाउस. खरं सांगू? माझ्यातली शिक्षिका तिथे जास्त रेंगाळली. गणिताच्या 'ट्रायपॉस' परीक्षेचा निकाल पूर्वी इथे नंबरवार जाहीर होई. पहिल्या वर्गात येणारे ते 'रँग्लर' आणि त्यांतला पहिला 'सीनियर रँग्लर'. सगळ्यात शेवटी पास होणाऱ्यासाठी मुलं गॅलरीतून दोरीने लाकडी चमचा खाली सोडत. सगळ्यांसमोर थट्टा!

१८९० मध्ये याच ठिकाणी फिलिपा फॉसेट या विद्यार्थिनीचं नाव 'सीनियर रँग्लरच्या वर' असं वाचलं गेलं. गुण पहिल्या मुलापेक्षा जास्त, पण पदवी नाही. कारण ती मुलगी होती. केंब्रिजमध्ये मुलींना पदवी मिळायला १९४८ साल उजाडलं आणि त्याच वर्षी फॉसेटबाई वारल्या.

पुढे ट्रिनिटीच्या दाराजवळ न्यूटनच्या गावच्या सफरचंदाच्या झाडाचा वंशज पाहिला. त्याच्या पलीकडे सेंट जॉन्स कॉलेज. आपल्या कोकणातले, मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे इथेच शिकले. १८९९ मध्ये ते सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. तोही नंबर दोघांत विभागून होता! परत येऊन त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवलं, पुढे ते तिथले प्राचार्य झाले. रँग्लर परांजपे हे नाव कायमचं झालं, पण त्यांच्या वर्गात बसलेल्या मुलांना उपयोग झाला तो त्यांच्या शिकवण्याचा.

अशी नंबरवार यादी १९०९ मध्ये शेवटची लागली. नंतर वर्ग तेवढे जाहीर होऊ लागले. त्यामुळे केंब्रिजचं गणित काही मागे पडलं नाही!

आपल्या शाळेत लाकडी चमचा नसतो. पण प्रगतिपुस्तकाच्या दिवशी वर्गाच्या दाराशी 'कितवा नंबर?' हा प्रश्न ऐकू येतोच. शेवटच्या बाकावरचं लेकरू तेव्हा मान खाली घालतं. यंदा आपण दुसरा प्रश्न विचारून पाहूया का? 'बाळा, गेल्या वेळी येत नव्हतं असं आता काय येतं तुला?'

त्याचं उत्तर प्रत्येक मुलाकडे असतं.