दोन बत्रा, दोन बाळं

ती. ताईस,


'गुड न्यूज' हा राज मेहता यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट २७ डिसेंबर २०१९ रोजी प्रदर्शित झाला. मुंबईचे वरुण आणि दीप्ती बत्रा (अक्षयकुमार, करीना कपूर) आणि चंडीगडचे हनी आणि मोनिका बत्रा (दिलजीत दोसांझ, कियारा अडवाणी) मूल होत नाही म्हणून टेस्ट ट्यूब उपचारांसाठी एकाच डॉक्टरांकडे येतात. आडनाव एक असल्यामुळे प्रयोगशाळेत दोन नवऱ्यांच्या शुक्राणूंची अदलाबदल होते आणि दोघींनाही दिवस जातात. दीप्तीच्या पोटातलं मूल हनीचं, मोनिकाच्या पोटातलं वरुणचं.

मुलाचा बाप कोण, हा हिंदी सिनेमाचा जुना प्रश्न. 'आवारा'तल्या (१९५१) न्यायाधीशाला चोराचा मुलगा चोरच होणार याची खात्री असते. मनमोहन देसाईंच्या 'परवरिश'मध्ये (१९७७) पोलीस अधिकाऱ्याचा सख्खा मुलगा स्वतःला डाकूचा मुलगा समजून वाममार्गाला लागतो. त्या काळी असा घोळ घालायला एखादा सूड किंवा गैरसमज लागे. इथे नळीवरचं नाव पुरतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं ते ६ ऑगस्ट १९८६ रोजी. त्यानंतरच्या तीन दशकांत हे उपचार शहरांत इतके रुळले, की विनोदी कौटुंबिक चित्रपटाला ते विषय म्हणून चालले. खऱ्या प्रयोगशाळांत मात्र नुसत्या आडनावावर काम चालत नाही. प्रत्येक नमुन्यावर पूर्ण नाव आणि ओळख क्रमांक असतो, आणि महत्त्वाच्या प्रत्येक टप्प्यावर दुसरी व्यक्ती पडताळणी करते.

चित्रपटाचं खरं बळ दीप्तीत आहे. वरुणला परक्याचं मूल नको असतं. गर्भ पाडावा, असा त्याचा आग्रह. ती ठाम नकार देते. बाईच्या शरीरावर या नऊ महिन्यांत काय काय गुजरतं, हे ती त्याला सुनावते तो प्रसंग सगळ्या चित्रपटात सर्वांत प्रामाणिक आहे. बापपणाचा हिशेब वरुण रक्तावर मांडतो, ती सोसण्यावर. करीना कपूरने हा राग कुठेही गोड केलेला नाही. हनी उलट टोकाचा: दीप्तीच्या पोटात आपलं मूल आहे म्हणून हे जोडपं थेट वरुण-दीप्तीच्या इमारतीत राहायला येतं आणि तिची काळजी घेऊ लागतं. वरुणला तो जाच वाटतो. दिलजीतच्या भाबडेपणामुळे या प्रसंगांना ऊब येते. पुढे मोनिकाचं बाळंतपण दिवस भरण्याआधीच होतं. अतिदक्षता विभागातलं ते इवलंसं बाळ पाहून वरुण बदलतो. पण ते बाळ त्याच्याच रक्ताचं आहे. त्याची खरी परीक्षा दीप्तीच्या मुलाशी होती, आणि तिथे कथेने जास्त वेळ द्यायला हवा होता.

दुसरा दोष अधिक खटकतो. हनी-मोनिकाचं इंग्रजी, कपडे आणि मोठ्याने बोलणं यांवर फार विनोद काढले आहेत. ज्यांचं मन सर्वांत मोठं, त्यांनाच गावंढळ दाखवून हशा मिळवणं योग्य नव्हे.

मुलाचा बाप कोण, या प्रश्नाचं उत्तर कायद्याने रक्तावर कधीच पूर्ण सोपवलेलं नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचं ११२ वं कलम सांगत असे, की वैध विवाह टिकून असताना जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचं औरस मूल. पती-पत्नीचा संबंध येणं शक्यच नव्हतं, असं सिद्ध झालं तरच अपवाद. चित्रपटानंतर दोन वर्षांनी, २०२१ मध्ये, साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा झाला. असा उपचार करून घेणाऱ्या जोडप्याचं मूल त्यांचं जैविक अपत्यच मानलं जाईल आणि त्याला तसे सगळे हक्क असतील, असं तो कायदा म्हणतो. दीप्ती पहिल्यापासून हेच म्हणत होती.

तुझी,
धाकटी