पेण-रोह्याच्या मधले कासू

मुंबई-गोवा रस्त्यावर वडखळ मागे पडले की नागोठण्याच्या अलीकडे कासू लागते. तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा. रायगड हे नाव १९८१ सालचे. हायस्कुलांचे हुतूतूचे सामने आले की आमच्या घरात दोन तट पडत. थोरला पेणला शिके, धाकटा मामाकडे राहून रोह्याला. आई बिचारी! तिने जय कोणाचा चिंतावा?

एका सामन्यात चढाईवर आलेल्या थोरल्याचा घोटा धाकट्याने असा धरला, की मध्यरेषेला हात टेकण्याआधीच त्याचा दम तुटला. पेण हरले. शिमग्यापर्यंत दोघांत अबोला!

१९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी प्रथमच आली आणि सुवर्णपदक भारताला मिळाले. ती बातमी ऐकून थोरला धाकट्याला म्हणाला, "घोटा दुखतो रे अजून."