आमचा कापशा

ससा हा प्राणी आपल्या लोकांस जितका परिचित, तितकाच अपरिचित होय. सिंहास विहिरींत उडी घ्यावयास लावणारा चतुर ससा पंचतंत्रांत आहे. पाठीवर पान पडतांच आभाळ कोसळलें म्हणून धांवत सुटणारा ससा आजीबाईच्या गोष्टींत आहे. आणि चंद्रावरील डाग सशासारखा दिसतो म्हणून आपल्या पूर्वजांनीं चंद्रास शशांक असें नांवच देऊन टाकिलें. परंतु हा गोष्टींतला ससा आणि शहरांतील दुकानांत पिंजऱ्यांत विकावयास ठेविलेला ससा हे दोघे एक नव्हेत. आपल्या माळरानावरचा ससा उघड्यावर राहतो. त्याचीं पिल्लें अंगावर केंस घेऊन व डोळे उघडे ठेवूनच जन्मास येतात. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. तो बिळांत राहणारा, व त्याचीं पिल्लें उघडीं आणि आंधळीं जन्मतात. या दोहोंचा संकर होत नाहीं. रानांतल्या सशास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा आधार आहे, तेव्हां त्यास धरून घरीं आणतां येत नाहीं. आणि घरांतला ससा रानांत सोडल्यास तो तेथें फार दिवस जगत नाहीं. "मुलांस कंटाळा आला, म्हणून टेकडीवर सोडून आलों, तेथें गवत पुष्कळ आहे," असें समाधानानें सांगणारे सद्गृहस्थ आम्हांस भेटले आहेत. टेकडीवर गवत असतें हें खरें. परंतु तेथें घारी, मुंगूस व भटकीं कुत्रींहि असतात.

आमच्या कापशाच्या नशिबीं टेकडी आली नाहीं, आंब्याची पेटी आली. सन २०२२ च्या मे महिन्यांत पुण्यांतील आमच्या घराजवळच्या एका वसाहतीबाहेर, कचराकुंडीशेजारीं, रिकाम्या आंब्याच्या पेटींत कोणीतरी त्यास ठेवून गेलें होतें. वसाहतीच्या वृद्ध रखवालदारांनीं, ज्यांस सर्व मुलें तात्या म्हणतात, पेटींतील पेंढा हलतांना पाहिला. त्यांनीं त्यास सावलींत नेलें, वाटीभर पाणी दिलें व आपल्या भाजीच्या जुडींतला मुळ्याचा पाला पुढें ठेविला. पुढें प्राण्यांची शुश्रूषा करणाऱ्या कांहीं तरुण मंडळींनीं त्यास नेलें, आणि त्यांच्याकडून तो आमच्याकडे आला. पण तो सहजासहजीं आला असें मात्र नव्हे. मुलगी देतांना वरपक्षाची करावी तशी त्या मंडळींनीं आमची चौकशी केली. घरांत मांजर आहे काय? विजेच्या तारा उघड्या आहेत काय? उन्हाळ्यांत घर किती तापतें? गांवीं जाल तेव्हां यास कोण पाहील? शेवटीं एका मुलीनें विचारिलें, "हा आठ-दहा वर्षें जगेल. तुमची कन्या तोंपर्यंत कॉलेजांत असेल. तेव्हांहि हा तुम्हांस हवा असेल ना?" हा प्रश्न आम्हां उभयतांस फार योग्य वाटला. ज्यांनीं पेटी ठेविली, त्यांस तो विकतेवेळीं कोणीं विचारिला असता तर बरें झालें असतें.

तो आला तेव्हां ससा कोठें व केंस कोठें हें कळत नव्हतें. हा अंगोरा जातीचा. तुर्कस्तानांतील ज्या शहरास आतां अंकारा म्हणतात, त्याचें जुनें नांव अंगोरा. त्यावरून हें नांव पडलें. याचा केंस महिन्यास सुमारें एक इंच वाढतो, आणि कोणी विंचरला नाहीं तर त्याच्या जटा होतात. कापशाच्या पोटाखालीं व कानांमागें अशा जटा इतक्या घट्ट झाल्या होत्या कीं, त्यास पाय लांब करतां येत नव्हता. सशाची कातडी कागदासारखी पातळ असते; कात्री घाईनें चालविली तर केंसांबरोबर तीहि कापली जाते. म्हणून पशुवैद्यांनीं यंत्रानें, एका आठवड्यांत तीन बैठका घेऊन, त्यास मोकळें केलें. काढलेले केंस आम्हीं कुतूहलानें तराजूंत टाकिले, ते १८० ग्रॅम भरले. उरलेला ससा पाहून शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अगबाई, हा तर उंदीर निघाला!" आमच्या कन्येस याचा राग आला व तिनें त्याच दिवशीं त्याचें नांव कापशा ठेविलें. नांवाजोगा कापूस पुन्हा येण्यास तीन महिने लागले.

अशा थंड मुलखास साजणाऱ्या प्राण्यास पुण्यांत कां आणावें, हें आम्हांस अद्याप कळलेलें नाहीं. हिमाचल प्रदेशांत कुलू जिल्ह्यांत गडसा येथें केंद्र सरकारच्या मेंढी व लोकर संशोधन संस्थेचें एक केंद्र आहे. तेथें अंगोरा ससे लोकरीसाठीं पाळितात, व तेथील हवा त्यांस मानवते. आमच्याकडे चैत्र-वैशाखांत पारा चाळिसाकडे झुकतो. सशास घामानें अंग थंड करतां येत नाहीं. लांब कानांतील रक्तवाहिन्यांतून जी उष्णता बाहेर जाईल तेवढाच त्यास विसावा. तिशीपुढें पारा गेला कीं त्याच्या जिवास धोका उत्पन्न होतो. तेव्हां होळीच्या आधींच त्याचे केंस बोटभर ठेवून कातरावयाचे, न्हाणीघराशेजारच्या शहाबादी फरशीवर त्याची बैठक मांडावयाची, गोठविलेल्या पाण्याची बाटली फडक्यांत गुंडाळून जवळ ठेवावयाची, आणि कान ओल्या बोटांनीं पुसावयाचे, हा आमचा दरवर्षीचा क्रम आहे. त्यास आंघोळ मात्र कधींहि घालूं नये. भिजलेला केंस वाळत नाहीं, आणि भीतीनेंच कित्येक ससे मरतात.

आहाराविषयीं चित्रांनीं मोठाच घोटाळा करून ठेविला आहे. चित्रांतला ससा नेहमीं गाजर खातो. खरें पाहतां गाजर त्यास मिठाईसारखें. आठवड्यांतून दोन चकत्या पुरेत. त्याचें खरें अन्न वाळलेलें गवत, तेंहि दिवसभर. त्याचे दांत जन्मभर वाढत असतात व गवत चावूनच ते झिजतात. लसूणघास वाढत्या पिल्लास चालतो, प्रौढ सशास तो थोडाच द्यावा. दूर्वा मात्र हव्या तितक्या! गणेशोत्सवांत मंडईंत दूर्वांच्या जुड्यांचे ढीग लागतात, तेव्हां आमच्या पिशवींतील जुड्या पाहून विक्रेत्या मावशी विचारतात, "एवढ्या दूर्वा? घरीं गणपती किती हो तुमच्या?"

येथें बालवाचकांस एक सांगणें अवश्य आहे. जादूगार टोपींतून काढतो तसें सशास कान धरून कधींहि उचलूं नये. एक हात छातीखालीं व दुसरा मागील पायांखालीं असावा. मागील पाय लोंबते राहिले आणि त्यानें लाथ झाडली, तर त्याच्याच जोरानें त्याचा कणा मोडूं शकतो.

आतां त्या रात्रीची हकीकत. दुसऱ्या वर्षीं श्रावणांत कापशाचे केंस गळूं लागले. ससा मांजराप्रमाणें अंग चाटून स्वच्छ ठेवितो, व चाटतांना केंस पोटांत जातात. पण मांजर ते ओकून टाकतें, सशास ओकतां येत नाहीं. आम्ही त्या दिवसांत रोज दोन वेळां विंचरीत होतों, तरी एके सकाळीं पिंजऱ्यांत मण्यांच्या माळेसारख्या केंसांत ओवलेल्या लेंड्या दिसल्या, आणि संध्याकाळीं त्यानें गवताकडे पाठ फिरविली. ससा बारा तास उपाशी राहिला तर त्याचें आंतडें थांबूं लागतें, आणि आंतडें थांबलें कीं तो खात नाहीं. हें चक्र एक-दोन दिवसांत त्याचा अंत करूं शकतें. पशुवैद्यांनीं प्रथम क्ष-किरणांनीं चित्र घेतलें, वाट पूर्ण अडलेली नाहीं अशी खात्री करून घेतली, आणि मगच कातडीखालीं सलाईन व वेदना शमविणारें औषध दिलें. पुढें दर तीन तासांनीं गवताची पेज बिनसुईच्या पिचकारीनें गालांतून भरवावयाची होती. "सकाळपर्यंत लेंडी पडली तर बरें," एवढेंच ते म्हणाले.

आम्हीं पाळ्या लाविल्या. पेज तो गिळी, पण डोळे अर्धवट मिटून व दांत करकरा खात. आनंदांतहि ससा दांत वाजवितो, परंतु तो आवाज हलका असतो. हा तसा नव्हता. दोन वाजतां त्याचे कान हातास गार लागले, तेव्हां त्यास लोकरीच्या फडक्यांत घेऊन आमच्यापैकीं एक जण भिंतीशीं बसून राहिला. पांचची पाळी कन्येनें मागून घेतली. त्या दिवशीं तिची भूगोलाची चाचणी होती. मांडीवर ससा आणि सशावर पुस्तक अशी ती बसली होती. साडेपांचच्या सुमारास ती इतक्या मोठ्यानें "लेंड्या! लेंड्या!" असें ओरडली कीं खालच्या मजल्यावरील काका काठी घेऊन वर आले. मोहरीपेक्षां थोड्या मोठ्या अशा चारच लेंड्या होत्या. आम्हीं त्या काकांसहि दाखविल्या. त्यांनीं त्या चष्मा लावून पाहिल्या व "छान आहेत" असें गंभीरपणें म्हटलें. दुपारीं कापशानें कोथिंबिरीची एक काडी आपण होऊन घेतली. भूगोलांत गुण बेताचेच पडले. त्याविषयीं घरांत कोणी कांहीं बोललें नाहीं.

विंचरून निघालेला केंस आम्ही डब्यांत ठेवितों. तो इतका निसरडा असतो कीं मेंढीची लोकर मिसळल्यावांचून त्याचा धागा टिकत नाहीं. या मऊ केंसासाठींच जगांत कांहीं ठिकाणीं सशाचे केंस जिवंतपणीं उपटले जात. तशी एक चित्रफीत २०१३ सालीं चीनमधून बाहेर आली, तेव्हां पुष्कळ मोठ्या कपडेवाल्यांनीं हा माल घेणें थांबविलें. कातरून किंवा विंचरून केंस मिळतो, त्यास वेळ लागतो इतकेंच. आमच्या डब्यांत अजून एका मोज्यापुरताहि सांठा नाहीं.

तात्या आतां नोकरी सोडून जुन्नरकडे आपल्या गांवीं राहतात. पुण्यास आले म्हणजे ते मातीसकट उपटलेला मुळा पिशवींत घालून आणितात व जोडे काढतां काढतां विचारतात, "ताई, पाहुणा काय म्हणतोय?" मग ते फरशीवर मांडी घालून बसतात, आणि कापशा त्यांच्या गुडघ्यावर पुढचे दोन पाय ठेवून उभा राहतो. पाला हातीं दिला कीं तो देंठ आधीं खातो व पान मागून. तसें कां, हें त्याचें त्यासच ठाऊक.