५७६०० नंबरचा पोर्ट

बीड जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याची संगणक प्रणाली मी सांभाळतो. भरलेली ट्रॉली काट्यावर चढते, ऊस खाली करून रिकामी परत येते, मग पावती. यामागे दोन सर्व्हर, दोन्हींवर वाइल्डफ्लाय हा जावाचा ॲप्लिकेशन सर्व्हर. एक पडला तर दुसऱ्यानं काम उचलायचं.

ऐन हंगामात पहिल्या सर्व्हरची प्रोसेस मेमरी संपून वरचेवर पडू लागली. रात्री काट्यावरून फोन यायचा, "सायेब, पावती निघंना." दुसरा सर्व्हर ठणठणीत, तरी मिनिटभर सगळं अडकायचं आणि आपोआप सुटायचं. अर्धवट राहिलेल्या नोंदी पुन्हा कराव्या लागायच्या. इकडं रांग वाढत जायची. ऊसतोड टोळीची मजुरी टनावर ठरते आणि तोडलेला ऊस थांबला की वाळतो, हे मला फार लागायचं.

मेमरीचा दोष वेगळा काढला. पण शेजारचा गेल्याचं दुसऱ्याला कळायला मिनिट का लागावं? वाइल्डफ्लायमध्ये हे काम जेग्रुप्सकडं असतं. सर्व्हर एकमेकांशी ७६०० पोर्टवर बोलतात. शिवाय प्रत्येक जण शेजाऱ्याशी एक वेगळं सॉकेट जोडून ठेवतो. ते तुटलं की शेजारी गेला, असा अर्थ. आमच्या आवृत्तीत त्यासाठी ५७६०० पोर्ट होता, आणि फायरवॉलमध्ये उघडलेला होता फक्त ७६००. म्हणून दोन्ही सर्व्हरांचा क्लस्टर जुळलेला दिसायचा. लॉगमध्ये मात्र शेजाऱ्यावर संशय, लगेच ७६०० वरून विचारपूस, 'जिवंत आहे' असं उत्तर, संशय मागे. सॉकेट कधी जुळलंच नव्हतं. उरला हार्टबीट, म्हणजे ठरावीक वेळानं एकमेकांना पाठवलेला 'मी आहे' असा संकेत; त्याची मुदत ६० सेकंद. हेच ते मिनिट.

दोन्हीकडं ५७६०० उघडला. दिवसा गाळप बंद असताना एका सर्व्हरची प्रोसेस बळजबरीनं मारली. दुसऱ्याच्या लॉगमध्ये काही क्षणांतच सदस्यांची नवी यादी उमटली, आणि त्या यादीत तो एकटाच होता.

मग नेटवर्कची केबल उपसली. लॉग गप्प. प्रोसेस मरते तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम सॉकेट बंद करते. केबल निघाली तर बंद करणारं कुणीच नसतं. तिथं हार्टबीटच हवा. त्याची मुदत २० सेकंदांवर आणली. आणखी कमी करायला सहकारी सांगत होते, पण जावाची मेमरी साफ होताना सर्व्हर काही सेकंद थबकतो, आणि तेवढ्यावरून जित्याला मेला ठरवणं मला पटलं नाही.