फुकटचे, भाड्याचे आणि हक्काचे : सॉफ्टवेअरचा परवाना आपण वाचणार कधी?

परवाना म्हटले की आपल्या तरुणांना रिक्षाचे परमिट आठवते, दुकानाचा शॉप ॲक्ट आठवतो, गाडीचे लायसन्स आठवते. हे कागद मिळवायला किती खेटे घालावे लागतात आणि ते प्लास्टिकच्या पिशवीत कसे जपून ठेवायचे असतात, हे घराघरात माहीत आहे. पण ज्या संगणकावर दिवसाचे दहा तास बसून पोट भरायचे, त्यातल्या सॉफ्टवेअरचा परवाना कुठे आहे असे विचारले की समोरचा हसतो. "ते कॉम्प्युटरवाल्यानेच टाकून दिलंय, सर!"

आम्ही वस्त्यांमध्ये स्वयंरोजगाराचे काम करतो. डीटीपी, झेरॉक्स, फ्लेक्स डिझाइन, ऑनलाइन फॉर्म भरणे असे छोटे धंदे सुरू करू पाहणाऱ्या मुला-मुलींच्या कर्जाच्या फायली तयार करताना त्यांच्यासोबत बसतो. मुद्रा योजनेतील शिशु कर्ज 50,000 रुपयांपर्यंत मिळते. त्यासाठी जोडलेली कोटेशन्स आम्ही पाहतो. त्यात संगणक असतो, प्रिंटर असतो, लॅमिनेशन मशीन असते, इन्व्हर्टर असतो, टेबल-खुर्चीसुद्धा असते. सॉफ्टवेअरची ओळ मात्र नसते. बँकेचा माणूस विचारत नाही आणि अर्जदार सांगत नाही. सुताराच्या कोटेशनमधून करवत वगळावी, तसाच हा प्रकार आहे.

वगळलेल्या ओळीची किंमत नंतर मोजावी लागते. आमच्या भागातल्या एका तरुणाच्या संगणकात विक्रेत्याने पाचशे रुपये घेऊन डिझाइनचे महागडे सॉफ्टवेअर 'क्रॅक' करून बसवून दिले. बसवताना अँटिव्हायरस बंद करायला लागतो, तसा तो केला आणि पुन्हा कोणी चालू केलाच नाही. 14 एप्रिलच्या आधीच्या आठवड्यात, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या हंगामात, सगळ्या फायली कुलूपबंद झाल्या आणि पडद्यावर खंडणीची मागणी आली. जयंती मंडळांचे बॅनर, लग्नपत्रिका, पावती पुस्तके, तीन वर्षांचे काम गेले. विक्रेत्याने हात वर केले. बिल नव्हते, त्यामुळे तक्रार करायला कागदच नव्हता. ऑर्डरी दुसऱ्या दुकानात गेल्या. कर्जाचा हप्ता मात्र त्याच तारखेला आला.

हा विषय बैठकीत काढला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो : "कंपन्या आपल्याला लुटतात, मग आपण त्यांचे फुकट वापरले तर बिघडले कुठे?" कंपन्यांसाठी अश्रू ढाळण्याचे आम्हाला कारण नाही. अमेरिकेतल्या स्टुडिओला परवडणारी किंमत तालुक्याच्या गावातल्या डीटीपीवाल्याला परवडत नाही, हे खरेच आहे. पण क्रॅक कॉपी वापरल्याने मक्तेदारीला धक्का बसतो, हे आम्हाला मान्य नाही. उलट ती पक्की होते. मुलगा त्याच सॉफ्टवेअरवर हात बसवतो, त्याचे गिऱ्हाईक त्याच प्रकारची फाईल मागते, शेजारचा दुकानदारही तेच शिकतो. कंपनीला या मुलाकडून पैसे मिळणारच नव्हते. तिला सवय मिळाली, आणि सवय म्हणजेच बाजारपेठ. याला बंड कसे म्हणायचे? ही तर फुकटात केलेली जाहिरात झाली.

शिवाय कायदा वापरणाऱ्याच्या मानेवर आहेच. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 63बी नुसार बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कैद आणि किमान 50,000 ते कमाल दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर कमाईसाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर कैद माफ करून 50,000 रुपयांपर्यंत दंडावर सोडण्याची मुभा न्यायालयाला आहे. म्हणजे घरी शिकणाऱ्याला थोडी सवलत आणि दुकान चालवणाऱ्याला नाही. दंडाची किमान रक्कम आणि शिशु कर्जाची कमाल रक्कम एकच आहे, हे लक्षात घ्या.

मग पर्याय काय? आधी एक गोष्ट स्पष्ट करू. आपण सॉफ्टवेअर विकत घेतो असे म्हणतो, पण बहुतेक वेळा ते कंपनीच्याच मालकीचे राहते. आपल्याला मिळते ती वापरण्याची परवानगी. ती कोणत्या अटींवर मिळाली हे 'आय ॲग्री' दाबण्याआधी येणाऱ्या त्या लांबलचक पानावर लिहिलेले असते. सातबारा वाचल्याशिवाय आपण जमिनीचा व्यवहार करत नाही. या पानाला मात्र आपण डोळे मिटून अंगठा देतो. सगळे पान वाचायला नको, चार प्रश्नांची उत्तरे त्यात शोधली तरी पुरे.

पहिला प्रश्न : पैसे एकदाच द्यायचे की दर महिन्याला, दर वर्षाला? एकदा पैसे देऊन घेतलेली आवृत्ती जुनी झाली तरी चालत राहते. वर्गणीचे सॉफ्टवेअर भाड्याच्या खोलीसारखे असते, भाडे थांबले की दार बंद. अडोबीने 2013 पासून आपली डिझाइनची सॉफ्टवेअर वर्गणीकडे वळवली, तेव्हापासून ही पद्धत सगळीकडे पसरली. महिन्याला काम नियमित असेल तर भाडे परवडते. हंगामी धंद्याला ते जड जाते.

दुसरा प्रश्न : किती यंत्रांवर आणि किती माणसांनी वापरायचे? नव्या लॅपटॉपसोबत येणारे विंडोज साधारणपणे त्या लॅपटॉपलाच बांधलेले असते. तो बिघडला की परवानाही संपतो. वेगळे विकत घेतलेले रिटेल विंडोज जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येते. टॅलीचा सिल्व्हर परवाना एका वापरकर्त्यासाठी असतो, गोल्ड एकाच नेटवर्कवरील अनेकांसाठी. कायदेशीर प्रत असणाऱ्याला नुकसानीपासून बचाव म्हणून बॅकअप प्रत करून ठेवण्याचा हक्क कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 ने दिला आहे, हेही माहीत असू द्या.

तिसरा प्रश्न : धंद्यासाठी चालते का? 'फ्री' लिहिलेले सगळेच दुकानात चालत नाही. टीमव्ह्यूअर वैयक्तिक वापराला मोफत आहे, पैसे घेऊन गिऱ्हाइकांचे संगणक दुरुस्त करायला नाही. टॅलीचा एज्युकेशनल मोड शिकण्यापुरता असतो, त्यात महिन्याच्या ठरावीक तारखांच्याच नोंदी करता येतात.

चौथा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : उद्या हे सॉफ्टवेअर बंद झाले तर माझ्या फायली उघडतील का? आपल्या अनेक अनियतकालिकांचे, स्मरणिकांचे मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये अडकून पडले आहेत. फाईल आहे, पण उघडली की अक्षरांऐवजी खुणा दिसतात. लिहिले आपण, पण वाचायची किल्ली दुसऱ्याकडे.

या चारही प्रश्नांना बरे उत्तर देणारा एक मार्ग आहे, तो म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर. मुक्त आणि फुकट यात फरक आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि 1989 मध्ये जीपीएल नावाचा परवाना आला. त्यामागे चार स्वातंत्र्ये आहेत : कोणत्याही कामासाठी वापरा, आतला कोड पाहून बदला, प्रती वाटा आणि बदललेल्या प्रतीही वाटा. अट एवढीच की, वाटताना पुढच्यालाही हेच हक्क द्यायचे. मिळालेला हक्क पुढच्याकडून हिरावून घेता येत नाही. एमआयटीसारखे परवाने याहून सैल आहेत, त्यांत मूळ कोड घेऊन बंदिस्त सॉफ्टवेअर केले तरी चालते.

आपल्या कामाला लागणारे बरेच काही यात मिळते. पत्रे, अर्ज, हिशेबाच्या तक्त्यांसाठी लिब्रेऑफिस, बॅनरसाठी इंकस्केप, फोटोंसाठी गिंप, पुस्तिका मांडायला स्क्रायबस. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू हे देवनागरी फाँट खुल्या परवान्यावर आहेत, ते बॅनरवर, पुस्तकात, धंद्यात वापरता येतात. विंडोज 10 ची नियमित मदत 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली. विंडोज 11 न पेलणारे जुने संगणक भंगारात काढण्याऐवजी त्यांवर लिनक्स टाकून अभ्यासिकेत वापरता येतात.

सगळे सोपे आहे असा आमचा दावा नाही. छपाईच्या रंगांच्या बाबतीत इंकस्केप कमी पडते. फ्लेक्सवाला कोरलची फाईल मागतो, त्याला पीडीएफ किंवा टिफ फाईल देऊन पटवावे लागते. हिशेबनीस टॅलीवर काम करत असेल तर टॅलीच घ्यावी, पण पावतीसह घ्यावी. संगणकाच्या कोर्समध्ये आपल्या मुलांनी विंडोज आणि एमएस ऑफिसच पाहिलेले असते, त्यामुळे सुरुवातीचे दोन-तीन आठवडे हात अडखळतो. ज्यावर पोट आहे ते एक सॉफ्टवेअर विकत आणि बाकी मुक्त, ही वाटणी बहुतेक छोट्या दुकानांना जमते.

आणि आता आपली मुले फक्त वापरणारी राहिलेली नाहीत, ती कोड लिहू लागली आहेत. कोणी दुकानाचे ॲप बनवते, कोणी क्लासची वेबसाइट. त्यांनी हे पाठ करावे : नोकरीत मालकाच्या कामासाठी लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालक असतो. स्वतंत्रपणे काम घेऊन लिहिलेला कोड सहसा लिहिणाऱ्याचा असतो. तो दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी आणि सहीनिशी करावा लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो. म्हणून बिलावर एक ओळ लिहा, 'वापरण्याचा परवाना दिला' की 'मालकी दिली'. या दोन्हींची किंमत सारखी नसते. कोड इंटरनेटवर नुसता टाकला आणि परवाना जोडला नाही, तर तो आपोआप मुक्त होत नाही. सगळे हक्क तुमच्याकडेच राहतात आणि कोणालाही तो बिनधास्त वापरता येत नाही.

मुक्त होणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. भारतीय कायद्यानुसार कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षे राहतो. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे स्वतःचे लेखन 1 जानेवारी 2017 पासून सार्वजनिक झाले. ते छापायला, टंकलिखित करायला, वाटायला आता कोणाची परवानगी लागत नाही. तो मजकूर आपण चोरीच्या सॉफ्टवेअरमध्ये, बंदिस्त फाँटमध्ये टाइप करून पुन्हा कुलपात घालणार आहोत काय?

आमचा आग्रह छोटा आहे. यापुढच्या प्रत्येक कर्जप्रस्तावात सॉफ्टवेअरची ओळ असावी, रकमेसह. मुक्त सॉफ्टवेअर घेतले तर रकमेच्या जागी शून्य लिहा, पण ओळ लिहा. प्रत्येक अभ्यासिकेने एका रविवारी एकच परवाना समोर ठेवून तो मराठीत समजून घ्यावा. शॉप ॲक्टच्या प्रमाणपत्राशेजारी सॉफ्टवेअरची पावती, नाही तर त्या मुक्त परवान्याचे छापील पान लावावे. दुकानात कोणी तपासणीला आला, तर त्याच्याकडे सरळ नजरेने पाहता आले पाहिजे.