दोन सूत

चेकच्या डाव्या कोपऱ्यात दोन समांतर रेघा ओढल्या की चेक क्रॉस होतो. त्याच रेघा जेवणाच्या टेबलावर ओढल्या की बायको क्रॉस होते. पहिली गोष्ट मला बी.कॉम.ला शिकवली, तिच्यासाठी १८८१ सालचा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट आहे. दुसरी मला कोणी शिकवली नाही, आणि तिला कायद्याची गरजही नाही.

वीस वर्षे बँकेत काढल्यावर माणसाला दुसरे काही येवो न येवो, सरळ रेघ ओढता येते असा माझा समज होता. आता बेरजेखालची दुहेरी रेघसुद्धा कॉम्प्युटर ओढतो. पण हात अजून विसरलेला नाही, असे मी चारचौघांत सांगत असे. हा समज एका वीतभरसुद्धा नसलेल्या विमानाने घालवला.

झाले असे की आमचे मेव्हणे लंडनला जाऊन आले. त्यांनी बहिणीला स्वेटर आणला, भाचीला चॉकलेटे आणली आणि मला एक खोका दिला. खोक्यात एअरफिक्सचे स्पिटफायर विमान होते. म्हणजे विमान नव्हते, विमानाचे तुकडे होते. "भाऊजी, बँकेतून आल्यावर तुम्ही नुसते बसून असता ना, म्हणून," असे ते म्हणाले. नुसते बसणे हा माझा एकमेव छंद होता, आणि तो मी मन लावून करत होतो, हे त्यांना कोण सांगणार?

विमान खऱ्याच्या एकास बहात्तर या प्रमाणात होते. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम सहा इंच. चिकटवण्याचे काम आठवड्यात उरकले. वर हिरवा-करडा रंगही दिला. आता फक्त पट्टे राहिले. प्रत्येक पंखावर पाच आणि शेपटीच्या अलीकडे अंगाभोवती पाच: पांढरा, काळा, पांढरा, काळा, पांढरा. "फक्त पट्टे" हे शब्द मी ज्या बेफिकिरीने उच्चारले, त्याच बेफिकिरीने लोक "फक्त गॅरंटर म्हणून सही करायची आहे" असे म्हणतात.

हे पट्टे कशासाठी, ते सांगायला हवे. १९४३ च्या जुलैत दोस्तांनी सिसिलीवर स्वारी केली. एका रात्री १४४ अमेरिकन विमाने छत्रीधारी सैनिक घेऊन निघाली. खाली समुद्रात आपलीच जहाजे, किनाऱ्यावर आपलीच फौज. पण अंधारात कोणीतरी एक गोळी झाडली, मग सगळ्यांनीच झाडल्या. २३ विमाने परत आली नाहीत. शत्रूने नव्हे, आपल्या माणसांनी पाडली. त्याचा धडा घेऊन १९४४ च्या जूनमध्ये, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरण्याच्या ऐन तोंडावर, हजारो विमानांवर हे काळे-पांढरे पट्टे मारण्यात आले. पट्टे दिसले की आपला, गोळी झाडू नका. चार इंजिनांच्या मोठ्या बॉम्बफेकी विमानांना तेवढे वगळले, कारण शत्रूकडे तसली विमाने फारशी नव्हतीच. मोठ्या खातेदाराला ओळख विचारायची नाही, हा नियम फक्त बँकेतलाच नाही तर!

बँकेत आम्ही याला केवायसी म्हणतो. ज्या गृहस्थांच्या मुलीच्या लग्नात मी तीन जिलब्या जास्त खाल्ल्या, त्यांनाच काउंटरवर "आपलं ओळखपत्र?" असे विचारताना मला सिसिलीतल्या गोलंदाजासारखे वाटते.

ओळखीचा हा घोळ आपल्या बाजूलाही होताच. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर विमानांवरच्या गोल चिन्हातला मधला लाल ठिपका काढून टाकला होता, कारण जपान्यांच्या विमानांवर लाल गोळाच असे. त्या काळच्या आपल्या हवाई दलाच्या विमानांवरूनही तो गेला. हे मी सौ.ला कौतुकाने सांगितले. ती म्हणाली, "लढाईला निघताना कुंकू पुसायचं? अपशकुनी मेले!"

तर पट्टे. पट्टा सरळ यावा म्हणून जिथे रंग नको तिथे चिकटपट्टी लावायची, मधे रंग भरायचा आणि पट्टी काढून घ्यायची. वाचायला किती सोपे! मी हार्डवेअरच्या दुकानातून गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगला लागणारी मास्किंग टेप आणली. दुकानदाराने विचारले, "कोनत्या गाडीले लावता जी?" मी म्हटले, "विमानाला." त्याने पैसे आधी मागून घेतले.

ती टेप अँबॅसिडरच्या पत्र्याला शोभेल अशा निष्ठेने चिकटली. काढली तेव्हा पांढऱ्या रंगासकट खालचा हिरवा-करडा रंगही घेऊन आली आणि आतले प्लॅस्टिक दिसू लागले. पुन्हा रंगवले. टेपचा चिकटपणा कमी करायला ती आधी कापडावर दाबावी असे वाचले होते. दोरीवर बाबांचे खादीचे धोतर वाळत होते, त्यावर दाबली. धोतराचे तंतू टेपला लागले, टेपचे रंगाला लागले, आणि माझ्या स्पिटफायरला दाढी उगवली. तिसऱ्या खेपेला काळा रंग टेपखाली शिरला. सौ. म्हणाली, "छान झालाय झेब्रा." चौथ्या खेपेला रंग पुसून टाकावा म्हणून मी तिचे नेलपॉलिश काढायचे द्रव वापरले. त्याने रंग गेला. रंगाबरोबर पंखाचे टोकही विरघळले. मग लांबीसारखे काहीतरी भरून, कानशीने घासून पंख पुन्हा घडवावा लागला.

रंग पातळ करायला नि ब्रश धुवायला अल्कोहोल चांगले, असे कळले. आता वर्धा हा दारूबंदी जिल्हा. इथे बँकेतला मध्यमवयीन माणूस संध्याकाळी सात वाजता दुकानात जाऊन हलक्या आवाजात "अल्कोहोल आहे का?" असे विचारू लागला तर त्याचे काय होईल? माझे तेच झाले. दुकानदाराने मला आपादमस्तक न्याहाळले आणि हळूच म्हणाला, "साहेब, तुम्ही बी?"

या सगळ्या काळात बाबा एक अक्षर बोलले नाहीत. हे मला जास्त जड जात होते.

आमचा जिल्हा मोठा गमतीचा. एका बाजूला सेवाग्राम. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले तेव्हा ते शेगाव होते. दुसऱ्या बाजूला पुलगाव, तिथे लष्कराचा दारूगोळ्याचा भला मोठा डेपो. मधे आम्ही. आमच्या घरात मात्र हा तोल नव्हता. आमचे घर पूर्ण सेवाग्रामच्या बाजूला कललेले. बाबा शाळेत कार्यानुभव शिकवत. नई तालीमच्या संस्कारात वाढलेले. आज सत्त्याहत्तराव्या वर्षीही ते रोज सकाळी अर्धा तास सूत काततात. त्यांचा निषेध कधी बोलण्यात नसतो. नापसंत गोष्ट समोर आली की ते चरखा जरा जोरात फिरवतात. विमानाचा खोका घरात आला त्या दिवसापासून चरखा चांगलाच वेगात होता.

त्याला एक जुना संदर्भही होता. मी आठ-नऊ वर्षांचा असताना दिवाळीत मामाने मला टिकल्यांचे पिस्तूल दिले होते. मी ते दोनच दिवस वाजवले. तिसऱ्या दिवशी बाबांनी ते माझ्या हातातून घेतले, शांतपणे अंगणातल्या विहिरीपर्यंत गेले आणि आत सोडून दिले. रागावले नाहीत, मारले नाही. "बुडुक्" एवढाच आवाज झाला. तो विषय आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही. पण आपल्या आवडीची वस्तू बाबांना दाखवायची नाही, हे मी तेव्हा शिकलो आणि पस्तीस वर्षे पाळले.

दुसऱ्या शनिवारी, बँकेला सुट्टी असताना, मी पाचव्यांदा पट्टे आखत बसलो होतो. मागे चपलांचा आवाज झाला. मी शाळकरी पोरासारखा विमानावर वर्तमानपत्र ओढले.

"झाकू नकोस, रंग ओला असेल," बाबा म्हणाले. "कसल्या रेघोट्या आहेत या?"

मी सांगितले. सिसिली सांगितली, २३ विमाने सांगितली, नॉर्मंडी सांगितली. बाबांनी चष्मा वर केला.

"म्हणजे हे पट्टे मारले ते मारू नये म्हणून मारले?"

"हो."

"आणि शत्रूला नाही दिसत?"

बाबांचा प्रश्न नेमका होता. "दिसतात. म्हणून तर महिन्याभरात वरच्या बाजूचे पुसायला सांगितले. वर्ष संपेपर्यंत सगळेच गेले."

"हं," बाबा म्हणाले. "रुंदी किती?"

"खऱ्या विमानावर अठरा इंच. यावर त्याचा बहात्तरावा भाग. म्हणजे पाव इंच. सहा पूर्णांक पस्तीस शतांश मिलिमीटर. तेच तर जमत नाही."

"मिलिमीटर कशाला? दोन सूत म्हण."

मी बघतच राहिलो. सुताराच्या हिशोबात इंचाची आठ सुते. पाव इंच म्हणजे दोन सूत, ना कमी ना जास्त. जन्मभर घरात सूत पाहिले, पण विमानावर सूत मोजायचे मला सुचले नाही. बँकेत दोन दशांश स्थळांपर्यंत हिशोब करायची सवय लागली की सुतासारखी सरळ गोष्ट दिसत नाही.

बाबांनी खुर्ची ओढली. "ती टेप काचेवर चिकटव." जुन्या फोटोफ्रेमची काच आणली. "आता पट्टीने दोन्ही काठ कापून टाक. दुकानातून आलेला काठ सरळ दिसतो, सरळ नसतो." नव्या ब्लेडने त्यांनीच दोन-दोन सुतांच्या फिती कापल्या. चिकटपणा कमी करायला कापड नाही, तळहात वापरला. पांढरा पट्टा रात्रभर वाळला होताच. त्यावर फिती बसवल्या आणि कडा नखाने दाबून घेतल्या. मग मला वाटले, आता काळा. बाबा म्हणाले, "थांब. फितीच्या कडेवरून आधी पांढराच फिरव. शिरायचं असेल तर पांढऱ्यात पांढरा शिरेल. भेग बुजेल. मग काळ्याला वाट राहणार नाही." पस्तीस वर्षे मुलांकडून पुठ्ठ्याची घरे करून घेतलेला माणूस!

काळा रंग दिला. तासाभराने फिती काढायच्या होत्या. मी नखाने टोक उचलून सवयीने झटका मारणार, तोच बाबांनी माझे मनगट धरले. "वर नाही ओढायचं. फीत फितीवरच उलटी दुमडायची आणि हळू मागे न्यायची. पेळूतून सूत काढतात तसं. घाई केली की तुटतं." त्यांनी काढून दाखवली. खाली काळ्या-पांढऱ्याची सीमा आली ती माझ्या कुठल्याही बेरजेखालच्या रेघेपेक्षा सरळ. मी जवळजवळ ओरडलोच.

शेवटचा पट्टा, पोटाखालचा, राहिला होता. बाबा म्हणाले, "आण इकडे." हल्ली त्यांचा हात जरा कापतो. फीत किंचित तिरपी बसली आणि काळ्याची एक कड लाटेसारखी आली. त्यांच्या लक्षात आले. "बिघडवलं मी," ते म्हणाले.

"नाही बाबा. हाच खरा पट्टा. त्या वेळी बातमी फुटू नये म्हणून ऐनवेळीच सांगितलं होतं. ३ आणि ४ जूनला घाईघाईने, मिळेल त्या ब्रशने रंगवले. फोटोत बघा, कितीतरी पट्टे असेच वाकडे आहेत. वैमानिकाला काय, खालच्यांना ओळखू आलं म्हणजे झालं."

बाबा बराच वेळ विमान हातात धरून बसले. मग एकदम म्हणाले, "तुझं ते पिस्तूल... टिकल्यांचंच होतं ना?"

माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला. "हो."

"ओळखायला पाहिजे होतं," बाबा म्हणाले, आणि उठून चरखा आवरायला गेले.

मी पुढे काही बोललो नाही. आमच्या घरात दोन वाक्ये म्हणजे फार झाली. विहीर केव्हाच बुजवली, तिच्यावर आता नळाची टाकी आहे. पण त्या दिवशी संध्याकाळी टाकीपाशी तोंड धुताना मला उगाचच हलके वाटत होते.

स्पिटफायर आता दिवाणखान्यातल्या कपाटावर, सुताच्या गुंड्यांशेजारी ठेवले आहे. धूळ सौ. पुसते, आणि पुसताना "ह्याच्यापायी माझं नेलपॉलिश रिमूव्हर संपलं" हे वाक्य न चुकता म्हणते. परवा बाबांचे एक जुने सर्वोदयी स्नेही आले. त्यांची नजर कपाटावर गेली आणि भुवया टोपीपर्यंत चढल्या. "गुरुजी, तुमच्या घरात लढाऊ विमान?"

बाबांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "विमान लढाऊ आहे खरं. पट्टे मात्र अहिंसक आहेत. दोन-दोन सूत."