दिल्लीच्या बहारीत चार दिवस

आपल्याकडची कुटुंबं दिल्ली पाहायला जातात ती बहुतेक मे महिन्यात. शाळांना सुट्टी असते, भाचवंडं मोकळी असतात, म्हणून तेव्हा जायचं. मग लू लागते, मुलं आजारी पडतात, ताजमहालाच्या दगडावर पाय भाजतात आणि परत आल्यावर सगळे सांगतात, ‘दिल्लीत काय आहे? नुसती आग!’

पण त्याच दिल्लीत थंडी ओसरल्यावर आणि लू सुटण्याआधी पाच-सहा आठवड्यांचा एक ऋतू येतो. साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्च संपेपर्यंत. दुपारी स्वेटर काढावा लागतो, मगरिबनंतर पुन्हा चढवावा लागतो. रस्त्याच्या दुभाजकांवरसुद्धा फुलं लावलेली असतात. कांचन फुलतो, काटेसावर लाल होते, कडुलिंबाची जुनी पानं गळून नवी कोवळी पालवी येते. आपल्याकडे पळस फुलेपर्यंत ऊन तापायला लागलेलं असतं, त्यामुळे बहार म्हणजे काय हे आपल्या मुलांना पुस्तकातच वाचावं लागतं. दिल्लीत ती डोळ्यांनी पाहता येते.

शिवजयंतीच्या सुट्टीला रजा जोडून आम्ही घरचे पाच जण चार दिवस जाऊन आलो. आम्ही दोघं, दोन मुली आणि अम्मी. शाबानचे शेवटचे दिवस होते.

खरं तर ही सहल अम्मींसाठीच ठरवली होती. अब्बांच्या इंतकालानंतर इद्दत संपली, वर्ष झालं, तरी अम्मी घराबाहेर पडत नव्हत्या. शेजारचं लग्न असलं तरी ‘तुम्ही जाऊन या’ म्हणायच्या. आपल्याकडे बायकांचा प्रवास तीन कारणांनी होतो: लग्न, मय्यत आणि दवाखाना. नुसतं पाहायला, फिरायला म्हणून साठीनंतरची बाई बाहेर पडली, असं क्वचितच घडतं. अम्मी म्हणाल्या, “माझ्या गुडघ्यांनी तुमची सहल बिघडेल.” धाकटी म्हणाली, “दादी, तुम्ही नाही तर आम्हीपण नाही.” त्यावर त्या गप्प बसल्या आणि दुसऱ्या दिवशी बॅग मागवली.

महाराष्ट्रातून दिल्लीला जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांचं शेवटचं स्टेशनच हजरत निजामुद्दीन आहे. मुंबईची ऑगस्ट क्रांती राजधानी, मिरज-पुणे-मनमाडवरून जाणारी गोवा एक्स्प्रेस, कोकणातून जाणारी मंगला, सगळ्या तिथेच थांबतात. या स्टेशनपासून रिक्षाने थोड्याच वेळात निजामुद्दीन बस्ती, हुमायूंचा मकबरा आणि सुंदर नर्सरी येते. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायचं तर मुक्काम याच भागात करावा. निम्मी दिल्ली जवळ येते आणि जेवणाची चिंता राहत नाही. बस्तीच्या गल्लीत सकाळी नहारी आणि गरम रोट्या मिळतात.

पहिल्या दिवशी आम्ही बस्तीतच राहिलो. दर्ग्याला कुणी जातात, कुणी जात नाहीत, तो ज्याच्या त्याच्या अकिद्याचा प्रश्न आहे. पण दिल्लीच्या बहारीची गोष्ट इथूनच सुरू होते, म्हणून ती सांगायला हवी. हजरत निजामुद्दीन औलियांचा तरुण भाचा तकीउद्दीन नूह वारला. हजरतांनी त्या दुःखात लोकांशी बोलणंही जवळजवळ सोडलं. त्यांचे मुरीद अमीर खुसरो फार बेचैन झाले. एक दिवस त्यांना पिवळे कपडे घातलेल्या, हातात मोहरीची फुलं घेतलेल्या बायका गात चाललेल्या दिसल्या. चौकशी केल्यावर कळलं की आज बसंत पंचमी आहे आणि त्या मंदिरात फुलं वाहायला निघाल्या आहेत. खुसरोंनी तशीच पिवळी वस्त्रं घातली, मोहरीची फुलं घेतली आणि गात पिरांसमोर गेले. पीर हसले. तेव्हापासून दर बसंत पंचमीला या दर्ग्यात कव्वाल पिवळी उपरणी घालून मोहरीची फुलं आणतात. पीर आणि मुरीद दोघेही १३२५ साली वारले आणि दोघांच्या कबरी एकाच आवारात आहेत. कथा परंपरेतली आहे, पण सण आजही होतो.

आम्ही पोचलो तेव्हा बसंत पंचमी होऊन गेली होती. अंगणात बसून मुलींना ही गोष्ट सांगत होतो. अम्मी शेजारी तसबीह घेऊन बसल्या होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, “म्हणजे हजरतसुद्धा कुणाशी बोलत नव्हते?” “हो अम्मी.” “किती दिवस?” ते कुणालाच ठाऊक नाही, असं सांगितलं. त्या बराच वेळ खुसरोंच्या कबरीकडे पाहत राहिल्या.

इथे मुख्य मजारीच्या आतल्या खोलीत बायकांना जाता येत नाही. त्या बाहेर जाळीपाशी बसून दुआ मागतात. मोठीने कारण विचारलं, तेव्हा इथल्या व्यवस्थेचा तसा नियम आहे एवढंच सांगता आलं. पण त्याच आवारात, काही पावलांवर, संगमरवरी जाळीच्या आत शहाजहानची मुलगी जहाँआरा हिची कबर आहे. वर छत नाही. कबरीच्या वरच्या भागात माती भरलेली आहे आणि त्यात साधी वनस्पती वाढते, कारण तिची तशीच इच्छा होती. ती १६८१ साली वारली. जिने चांदणी चौक आखून घेतला, सराई आणि बाग उभारली, तिच्या कबरीवर फक्त हिरवळ. अम्मींनी तिथे उभं राहून हात उचलले.

बस्तीतच मिर्झा गालिब यांची कबर आहे. त्यांचा इंतकाल १५ फेब्रुवारी १८६९चा. उर्दू शिकणारी मुलं बरोबर असतील तर इथे पाच मिनिटं तरी थांबावं. ज्याचे शेर पाठ करायला लावतात तो माणूस खरोखर होऊन गेला, हे मुलांना अशा जागीच पटतं.

दुसरा दिवस हुमायूंच्या मकबऱ्यासाठी ठेवला. आम्ही गेलो तेव्हा तिकीट चाळीस रुपये होतं, पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नव्हतं. सकाळी लवकर गेलं तर गर्दी नसते. हुमायूं १५५६ साली जिन्यावरून पडून वारला. हा मकबरा बांधून घेतला त्याच्या बेगमने. बेगा बेगम तिचं नाव. हज करून आल्यामुळे तिला हाजी बेगम म्हणत. मीरक मिर्झा गियास या वास्तुकाराने आराखडा केला आणि १५७२च्या सुमारास काम पुरं झालं. ताजमहालाच्या कामाला सुरुवात झाली ती त्यानंतर साठ वर्षांनी. एका विधवेने नवऱ्याच्या आठवणीत नुसती इमारत उभारली नाही, चारही बाजूंनी बाग लावली.

या बागेला चारबाग म्हणतात. मधून पाण्याचे पाट काढून जागेचे चार भाग करायचे आणि त्यांचे पुन्हा छोटे भाग करायचे. ‘जन्नत’ या शब्दाचा मूळ अर्थच बाग. खालून नहरी वाहणाऱ्या बागांचं वर्णन आपण कुरआनात वाचतो, तेच इथे जमिनीवर आखलेलं आहे. मधल्या काळात हे पाट कोरडे पडले होते. आगा खान ट्रस्टने पुरातत्त्व खात्याबरोबर काम करून २००३पर्यंत बाग दुरुस्त केली आणि पाणी पुन्हा वाहू लागलं.

चौथऱ्यावर जाण्याच्या पायऱ्या उंच आहेत. अम्मी खालीच पाटाशेजारी बसल्या. आम्ही वरून उतरलो तेव्हा त्यांच्या शेजारी दुसऱ्या कुठल्याशा गावची एक म्हातारी बसली होती आणि दोघींच्या गप्पा चालल्या होत्या. कितीतरी महिन्यांनी अम्मींना अनोळखी माणसाशी बोलताना पाहिलं. धाकटीने त्यांना सांगितलं, “दादी, हे सगळं एका दादीने बांधलंय.” अम्मी हसल्या आणि म्हणाल्या, “तिच्याकडे पैसे होते बेटा.” मग थोडं थांबून, “पण हिंमतही होती.”

मकबऱ्याला लागूनच सुंदर नर्सरी आहे. नव्वद एकर जागा, तीनशेहून जास्त जातींची झाडं आणि मधूनमधून मुघल काळातल्या लहान इमारती. २०१८ साली ती लोकांसाठी खुली झाली. फेब्रुवारीत इथे घरंच्या घरं चटई अंथरून बसतात. आम्हीही बसलो. शेजारी बुरखा घातलेल्या तीन-चार बायका आपल्या मुलांबरोबर चेंडू खेळत होत्या, पलीकडे एक शीख कुटुंब जेवत होतं. कुणी कुणाकडे टक लावून पाहत नव्हतं. आपल्या गावात बायकांना बसायला अशी जागा का नसते, हा प्रश्न मुलींनीच काढला. गावी परतल्यावर नगरपालिकेला विचारण्यासारखा तो प्रश्न आहे.

पैसे न लागणारी बागही दिल्लीत आहे. लोदी गार्डनला तिकीट नाही. सय्यद आणि लोदी सुलतानांचे पंधराव्या-सोळाव्या शतकातले मकबरे, बडा गुंबद आणि त्याला जोडलेली कोरीव कामाची मशीद, आणि सगळीकडे गवत व फुलांचे वाफे. म्हाताऱ्यांना चालायला वाटा सपाट आहेत. तिसऱ्या दिवसाची सकाळ तिथे घालवून आम्ही राष्ट्रपती भवनाच्या अमृत उद्यानात गेलो. याचं आधीचं नाव मुघल गार्डन. २०२३मध्ये नाव बदललं, पण लुटियन्सने आखलेले पाण्याचे पाट आणि चौकोन चारबागेचेच आहेत. दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये ते लोकांना पाहता येतं. प्रवेश फुकट आहे, मात्र नावनोंदणी आधी ऑनलाइन करून ठेवलेली बरी. सोमवारी बंद असतं. ट्यूलिपचे ताटवे पाहून अम्मी म्हणाल्या, “सुबहानल्लाह, हे कागदाचे तर नाहीत ना?”

चौथा दिवस जुन्या दिल्लीचा. मेट्रोच्या पहिल्या डब्यात फक्त बायका असतात, त्यामुळे मुली आणि अम्मी निर्धास्त बसल्या. जामा मशिदीत जोहर पढून बाहेर आलो की जवळच मौलाना आझादांची कबर आहे. साधी, पांढरी, बागेच्या मध्ये. देशाचे हे पहिले शिक्षणमंत्री २२ फेब्रुवारी १९५८ रोजी वारले. चांदणी चौकाच्या पश्चिम टोकाला फतेहपुरी मशीद आहे. ती १६५० साली शहाजहानच्या बेगमने, फतेहपुरी बेगमने बांधली. वाटेत दौलत की चाट मिळाली तर खावी. दुधाचा तो फेस थंडीतच होतो, ऊन तापलं की विक्रेते दिसेनासे होतात.

शेवटी तुर्कमान गेटच्या गल्ल्यांतून विचारत विचारत रझिया सुलतानची कबर गाठली. १२३६ ते १२४० दिल्लीच्या तख्तावर बसलेल्या बाईची ही कबर घरांच्या दाटीत, उघड्या आभाळाखाली आहे. दोन साध्या दगडी कबरी, बाकी काही नाही. मोठी नववीत आहे. इतिहासाच्या पुस्तकात चार ओळींत संपणारी रझिया तिने इथे पाहिली आणि बराच वेळ ती काही बोलली नाही. रझिया, बेगा बेगम, जहाँआरा, फतेहपुरी बेगम ही नावं आम्ही यादी करून शोधली नव्हती. चार दिवस बागा आणि मशिदी पाहत फिरलो आणि ती भेटत गेली. मुलींना घेऊन फिरावं ते यासाठीही.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. दिवसाला दोनच ठिकाणं ठेवावीत, दुपारी तासभर आराम हवाच. बहुतेक मोठ्या बागांजवळ मशीद सापडते, तरी एक जानमाज पिशवीत असू द्यावी. शुक्रवारी ताजमहाल बंद असतो, म्हणून आग्र्याचा बेत वेगळ्या दिवशी करावा. आणि कॅलेंडर पाहून निघावं. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येतो, पण दर वर्षी तो दहा-अकरा दिवस आधी सरकतो. म्हणजे आणखी काही वर्षांत रमजान थंडीत जाईल आणि बहारीचे हे दिवस प्रवासासाठी मोकळे राहतील. तोपर्यंत शाबान किंवा शव्वाल यांपैकी जे सोयीचं पडेल ते बघावं.

जमिनीवर फिरा आणि पाहा, असं कुरआन वारंवार सांगतं. हा हुकूम फक्त घरातल्या पुरुषांना आणि तरुणांना नाही. ज्या घरात कुणी दुःखात कोपरा धरून बसलं आहे, तिथे समजुतीचे शब्द बोलून झाल्यावर एक तिकीट काढून बघावं. अम्मींचं दुःख दिल्लीत संपलं असं आम्ही म्हणणार नाही. पण परतीच्या गाडीत त्यांनी स्वतःहून विचारलं, “इन्शाअल्लाह, पुढच्या वर्षी कुठे?” सध्या घरात त्यावरच वाद चालू आहे. मुलींना हैदराबाद हवं आहे, अम्मींना अजमेर.